खेळाच्या तासाची सूट नेमकी कुणाला?

शाळांमधून एक अर्ज वर्षानुवर्षे फिरतो आहे. मजकूर ठरलेला: माझा पाल्य स्वमग्न आहे, तरी त्यास शारीरिक शिक्षणाच्या तासातून सूट मिळावी, ही विनंती. खाली वडिलांची सही, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. वाचणाऱ्याला वाटावे, आईबापांनीच मागितले आणि शाळेने मोठ्या मनाने दिले. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलटे घडलेले असते. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यातच मूल मैदानावर कान दाबून खाली बसते, किंवा रांग सोडून फाटकाकडे पळते, आणि दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावणे जाते. "तुमच्याच मुलाच्या भल्यासाठी सांगतोय. उद्या काही लागलं-खुपलं तर जबाबदारी कुणाची? एक अर्ज देऊन टाका." वडील रिक्षा चालवणारे, नाहीतर यंत्रमागावरची पाळी बुडवून आलेले. त्यांना मुलाचा दाखला टिकवायचा असतो. ते सही करतात. मग डॉक्टरांकडे जाऊन 'जड व्यायाम टाळावा' अशी एक ओळ लिहून आणतात. ती ओळ डॉक्टरांना सुचलेली नसते, शाळेने मागवलेली असते.

त्यानंतर ते मूल दहावीपर्यंत मैदानाच्या कडेला बसते. पाण्याच्या बाटल्या सांभाळते, मुलांची घड्याळे सांभाळते, फार तर फळ्यावर गुण लिहिते. प्रगतिपुस्तकात मात्र 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' या विषयापुढे त्याला श्रेणी मिळालेली असते, कारण रकाना रिकामा ठेवता येत नाही. माझा या सगळ्या व्यवहाराला विरोध आहे. अशा सुटीने मुलाचे एकही ओझे कमी होत नाही. सुटते ती शाळा.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. शिट्टी माझ्या गळ्यात नाही, तेव्हा मला यात बोलायचा अधिकार काय, असे पी.टी.चे सहकारी विचारतील. अधिकार असा, की मैदानावरून परत पाठवलेले मूल कुठे जाते ते त्यांना दिसत नाही, मला दिसते. ते माझ्या वर्गात येते. "मिस, याला जरा तुमच्याकडे बसू द्या" असा निरोप घेऊन शिपाई त्याला दारात सोडतो. मी दुसऱ्याच इयत्तेला इज़ाफ़त समजावून देत असते आणि मागच्या बाकावर हा सहावीतला मुलगा खिडकीच्या गजांना नाक लावून बसलेला असतो. खाली त्याचाच वर्ग खेळतो आहे. खेळात रस नाही म्हणून ज्याला वर पाठवले, तो पूर्ण तास खेळच पाहत असतो. कोण कितव्या फेरीला दमून थांबला, हे त्याला तोंडपाठ असते. मी एकदा पडताळून पाहिले होते. एकही आकडा चुकला नव्हता.

ऑटिझम म्हणजे काय यावर मी इथे लांबण लावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा अलीकडचा अंदाज साधारण सव्वाशे माणसांमागे एक असा आहे. म्हणजे सातशे-आठशे पटाच्या शाळेत पाच-सहा मुले असायला हवीत. शाळेला माहीत असतात एक किंवा दोन. बाकीची 'ज़िद्दी', 'घुमी', 'आगाऊ' म्हणून मार किंवा बोलणी खात असतात. मराठीत आपण 'स्वमग्न' म्हणतो, आणि या शब्दाने बरेच नुकसान केले आहे, असे मला भाषाशिक्षक म्हणून वाटते. स्वतःत मग्न म्हणजे ज्याला दुसऱ्याची गरज नाही असा. अशाला खेळायला कशाला बोलवायचे? शब्दानेच निकाल देऊन टाकला. उर्दूत आमच्या घरांमधून तेवढाही शब्द चालत नाही. तिथे 'भोला', 'सीधा', फार प्रेम आले तर 'अल्लाह मियाँ की गाय'.

मैदानावर या मुलाला नेमके काय होते, ते बघायला हवे. शिट्टी वाजते. आपल्या कानांना ती शिट्टी असते, त्याच्या कानात ती सुईसारखी जाते, कारण त्याच्यापैकी अनेकांच्या मेंदूत आवाज गाळून आत येत नाही, सगळा एकदम येतो. ऊन, धूळ, घामाने अंगाला चिकटलेला गणवेश, साठ मुलांचा कल्ला, शेजारच्या गल्लीतला हॉर्न, हे सगळे एकाच मापाचे. त्यात सूचना येते, "चला, पसरा!" पसरा म्हणजे कुठे? किती? कुणापासून? बाकीची मुले एकमेकांकडे पाहून पसरतात. याला ते 'एकमेकांकडे पाहून' जमत नाही, म्हणून हा तिथेच उभा. मग "तुला वेगळं सांगायचं का?" हो, वेगळे सांगायचे. एवढेच तर करायचे होते.

मग गडी निवडायची वेळ. दोन कॅप्टन आळीपाळीने एकेकाचे नाव घेतात आणि शेवटी जो उरतो तो कुणाच्या वाट्याला जातो यावर भांडण होते, "याला तुम्ही घ्या, आमच्यात एक कमी चालेल." असे दर आठवड्याला दोनदा ऐकणाऱ्या मुलाला खेळाची आवड नाही, असा निष्कर्ष आपण काढतो.

खो-खोचेच घ्या. हा आपल्या मातीतला खेळ. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने याचे नियम बांधले, आणि आज महाराष्ट्रात ज्या शाळेकडे धड मैदान नाही तिथेही दोन खांब आखून तो खेळला जातो. आठ गडी चौकोनात आलटूनपालटून उलट्या तोंडाने बसलेले. पाठीमागून पळत आलेला गडी पाठीवर थाप मारतो आणि 'खो' ओरडतो, त्याच क्षणी उठून धावायचे. आता विचार करा, ज्या मुलाला अचानक झालेला स्पर्श भाजल्यासारखा लागतो, त्याला पाठीमागून, न दिसता, ओरडून थाप बसते. तो किंचाळतो. सर म्हणतात, "बघा, याला खेळता येत नाही." पण हाच मुलगा पळती बाजू घेतो तेव्हा काय होते, ते कुणी बघितले आहे? तिथे त्याच्या पाठीवर सारखी थाप नाही. बसलेल्या गड्यांची तोंडे कुठल्या बाजूला आहेत याचा नमुना ठरलेला आहे, आणि नमुना ओळखण्यात तो वर्गातल्या कुणालाही मागे टाकतो. सुरुवातीला त्याला पळतीतच ठेवा. पकडताना त्याला मारायची थाप कशी असावी हे त्याला विचारून ठरवा: खांद्यावर, समोरून, किंवा नुसता 'खो'चा उच्चार. सराव सामन्यात एवढा बदल केल्याने खो-खो बुडत नाही.

कबड्डीत अडचण उघड आहे, अंगाला अंग भिडते, पाच जण वर पडतात. त्यामुळे अनेकांना ती नकोच वाटेल आणि त्यांचे म्हणणे ऐकावे. पण एक गंमत सांगते. आमच्याकडे असा एक मुलगा होता जो एकच शब्द तासभर घोळवत राही. वर्गात त्यासाठी त्याला किती वेळा उभे केले गेले याची गणती नाही. एक शब्द, एका दमात, न थांबता, हा कबड्डीतल्या चढाईचा नियमच आहे. वर्गात जो दोष, तो मैदानावर गुण ठरला असता. त्याला रेषेपलीकडे पाठवून बघावे असे कुणाला वाटले नाही, कारण त्याचा अर्ज दप्तरी लागला होता.

मल्लखांबाबद्दलही हेच. एका वेळी एकच जण, क्रम ठरलेला, शिट्टी नाही, संघ नाही, आणि सगळ्या अंगाने खांबाला घट्ट धरायचे. घट्ट दाबाने ज्या मुलांचे मन स्थिर होते अशी मुले यात पुष्कळ आहेत; ती गादीखाली शिरतात, कपाटाच्या फटीत जाऊन बसतात. महाराष्ट्राने जगाला दिलेल्या या खेळाकडे या नजरेने शाळांनी क्वचितच पाहिले आहे. पोहणे, धावणे, सायकल, लेझीमची पावले (आवाज जमत असेल तर), लगोरीतला नेम, यादी करत बसत नाही. मुद्दा असा, की 'खेळता येत नाही' हे वाक्य कुठल्याही एका खेळाविषयी खरे असू शकते, सगळ्या खेळांविषयी नसते.

पहिलीच्या उर्दू-मराठीच्या वर्गात आम्ही काय करतो? मराठी डावीकडून उजवीकडे, उर्दू उजवीकडून डावीकडे. मुले गोंधळतात, वही उलटी धरतात. आम्ही पानाच्या कोपऱ्यात बाण काढून देतो. तीन-चार महिन्यांनी बाणाची गरज उरत नाही, एखाद्याला वर्षभर लागतो, त्याला वर्षभर काढून देतो. "बाण लागतो, म्हणजे तुला भाषेतून सूट" असे आम्ही कुणाला म्हटलेले नाही. मैदानावर असे बाण काढणे फार खर्चाचे नाही. शिट्टीऐवजी रंगीत फडका किंवा उंचावलेला हात. उभे राहायची जागा चुन्याच्या गोलाने आखलेली. आज काय काय होणार, आधी काय, मग काय, शेवटी काय, याची चार चित्रे एका पुठ्ठ्यावर, आणि तास संपायच्या पाच मिनिटे आधी 'आता संपणार' अशी खूण. जरा बाजूला सावलीत एक जागा, जिथे कल्ला असह्य झाला की जाऊन बसता येईल आणि स्वतःहून परत येता येईल. कडेच्या बाकात आणि या जागेत फरक आहे: तिथून परत यायचे असते. चुना, पुठ्ठा, फडका. या सामानासाठी कुठल्या योजनेचा निधी यायची वाट पाहायची?

आणि हे शिकायला परदेशात जायला नको. गल्लीतली पोरे हे आपापसात पिढ्यानपिढ्या करत आली आहेत. कुणाचा तरी चार वर्षांचा भाऊ रडत येतो, मला पण खेळायचे. त्याला 'कच्चा लिंबू' करतात. तो धावतो, बॅटही धरतो, पण आऊट होत नाही. मराठी पोरे असोत की मोहल्ल्यातली उर्दू बोलणारी, शब्द तोच. (याच नावाचा एक मराठी चित्रपट २०१७ साली आला, विशेष मुलाच्या आईबापांवरचा, प्रसाद ओक यांचा. नाव फार नेमके निवडले होते.) दहा वर्षांचे पोर खेळ चालू ठेवून नियम वाकवू शकते. पदवी घेतलेल्या माणसाला ते जमत नाही म्हणायचे? मात्र कच्च्या लिंबावर थांबणे मला मान्य नाही. त्याची धाव मोजली जात नाही आणि हे त्यालाही एक दिवस कळते. सुरुवात तिथून करावी आणि धावा मोजायच्या पायरीपर्यंत न्यावे.

आता कायदा. हा भाग थोडक्यात, पण पालकांनी लक्षात ठेवावा असा. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आले आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातल्या एकवीस प्रकारांत त्याला स्पष्ट जागा मिळाली. या अधिनियमाचे कलम १६ सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त अशा सर्व शाळांना सांगते, की दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीने शिक्षण द्या, आणि खेळ व करमणुकीची संधीही बरोबरीनेच द्या. शिक्षण आणि खेळ एकाच वाक्यात आहेत. कलम ३० खास खेळांवर आहे. आणि व्याख्यांच्या कलमात असे आहे, की गरजेप्रमाणे वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव. म्हणजे शिट्टीऐवजी फडका वापरायला नकार देणे ही सरांची सवय किंवा स्वभाव नव्हे, कायद्याच्या भाषेत तो भेदभाव आहे. 'चाळीस टक्क्यांचा दाखला आणा, मग बघू' असे शाळा म्हणते तेव्हाही लक्षात ठेवा, कलम १६ ला चाळीस टक्क्यांची अट नाही. ती अट काही ठरावीक लाभांसाठी आहे. मैदानावर उतरणे हा लाभ नाही. शाळा ऐकतच नसेल तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे लेखी तक्रार करता येते. सूट मागणाऱ्या अर्जावर सही करण्याआधी शाळेला एवढेच म्हणावे: तुम्ही काय काय करून पाहिलेत, ते मला लिहून द्या. लिहून द्यायचे म्हटले की बऱ्याच जणांचा आवाज खाली येतो.

कायदा येऊन इतकी वर्षे झाली, तरी चित्र का बदलत नाही? एक कारण मला असे दिसते, की आपल्याला या मुलांच्या कथा आवडतात, मुले आवडत नाहीत. २०२५ मध्ये 'सितारे ज़मीन पर' आला. बास्केटबॉल खेळणाऱ्या बौद्धिक दिव्यांग खेळाडूंची आणि त्यांच्या उद्धट प्रशिक्षकाची गोष्ट. लोक चित्रपटगृहात रडले, टाळ्या वाजल्या, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर 'जरूर पाहा' असे संदेश फिरले. सोमवारी तोच मुलगा त्याच बाकावर बाटल्या सांभाळत होता. पंधरा वर्षांपूर्वी 'माय नेम इज़ ख़ान'च्या वेळीही असेच झाले होते. त्यातला रिज़वान बोरिवलीचा, मुसलमान, ॲस्परगर असलेला. आमच्या मोहल्ल्यांतून तो किती लाडका झाला! पण तो अमेरिकेत होता, पडद्यावर होता, आणि शाहरुख होता.

जिया रायचे उदाहरणही असेच पुढे केले जाते. मुंबईची ही ऑटिस्टिक मुलगी फेब्रुवारी २०२१ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत ३६ किलोमीटर अंतर ८ तास ४० मिनिटांत पोहून गेली. पुढे तिने पाल्कची सामुद्रधुनी पार केली, तिला पंतप्रधान राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला. तिच्याविषयी मला अपार आदर आहे. पण मुख्याध्यापकांनी परिपाठात तिची गोष्ट सांगावी आणि त्याच वेळी स्वतःच्या शाळेतल्या मुलाचा अर्ज मंजूर करावा, हे मी पाहिले आहे. तिच्या यशामागे घरच्यांनी घातलेली वर्षे आहेत, हाताशी असलेले पाणी आहे, शिकवणारा माणूस आहे. आमच्या मुलाला समुद्र नको. त्याला शाळेच्या अंगणात तास संपेपर्यंत धावायला मिळाले तरी पुष्कळ. हक्क मिळवण्यासाठी आधी पराक्रम गाजवायचा, ही अट आपण आणखी कुणावर घालत नाही.

"त्यांच्यासाठी वेगळ्या स्पर्धा असतात ना?" हा पुढचा प्रश्न. असतात. स्पेशल ऑलिम्पिक्सची चळवळ १९६८ साली शिकागोत सुरू झाली, भारतातही तिचे काम आहे, आणि चांगले आहे. पण ती बौद्धिक दिव्यांगांसाठी आहे. ऑटिझम असलेल्या प्रत्येकाला बौद्धिक अपंगत्व नसते. गणितात ऐंशी गुण घेणारे, पण चेंडू झेलताना गडबडणारे आणि गोंगाटात कोसळणारे मूल तिथे बसत नाही. पॅरालिम्पिकमध्ये जावे, तर तिथेही ऑटिझमचा स्वतंत्र गट नाही. बौद्धिक अपंगत्वाचा गट आहे, आणि त्याचीही कहाणी कडू आहे. सिडनीत २००० साली स्पेनच्या बास्केटबॉल संघाने सुवर्ण जिंकले आणि नंतर उघड झाले, की बारापैकी दहा खेळाडूंना बौद्धिक अपंगत्व नव्हतेच. लबाडी केली धडधाकट माणसांनी, आणि शिक्षा झाली जगभरच्या बौद्धिक दिव्यांग खेळाडूंना: त्यांचा गटच पुढच्या दोन पॅरालिम्पिकमधून बाहेर. २०१२ मध्ये लंडनला ते परतले, तेही मोजक्या खेळांत. सांगायचे हे, की मधल्या फटीत पडलेल्या या मुलांसाठी वेगळे मैदान कुठेच नाही. त्यांच्या शाळेचे मैदान हेच त्यांचे मैदान, आणि तिथूनच आपण त्यांना काढतो.

आता अडचणी. त्या खोट्या आहेत असे मी म्हणत नाही. साठ-सत्तर मुले आणि एक शिक्षक, तोही असला तर. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यायचा आहे. ही पदे भरली जात नाहीत, भरली तर मानधन थकते. समावेशित शिक्षणाचा विशेष शिक्षक एका गटात किती शाळा फिरतो, हे केंद्रप्रमुखांना विचारा. सरकारला याबद्दल धारेवर धरलेच पाहिजे. पण शिक्षक कमी आहेत याची किंमत साठांपैकी कुणी चुकवायची, हे ठरवताना दरवेळी बोट त्याच एकाकडे का जाते? गर्दी सगळ्यांमुळे झाली आहे, बाहेर एकच जण. शिवाय साठ मुले हीच तर सोय आहे. दोन मुलांची जोडी लावून द्या, दर आठवड्याला जोडीदार बदला. नवव्या-दहाव्या वर्षाची मुले हे काम शिक्षकापेक्षा सहज करतात, फक्त त्यांना 'त्याला सांभाळ' म्हणू नका, 'त्याच्याबरोबर खेळ' म्हणा.

मूल पळून जाईल ही भीती खरी आहे. काही मुले पळतात. त्यावर उपाय फाटक बंद ठेवणे हा आहे. फाटक तर तसेही बंद असायला हवे.

सामने हरू, ही तिसरी तक्रार. आंतरशालेय संघ निवडताना गुणवत्ता पाहावी, माझी हरकत नाही. पण शुक्रवारचा पी.टी.चा तास म्हणजे जिल्हा संघाची निवड चाचणी नव्हे. आणि मुलालाच नको असेल तर? तर नको. पण आधी विचारा, आणि नीट विचारा. 'खेळ नको' आणि 'हा आवाज नको' ही दोन वेगळी उत्तरे आहेत. बोलता न येणारे मूलही चित्रावर बोट ठेवून ती वेगवेगळी देऊ शकते.

प्रशिक्षण नाही, असेही सांगतात. माझे बी.एड. एक वर्षाचे होते. त्यात समावेशनाचा उल्लेख एखाद्या टिपेपुरता आला असेल. दोन वर्षांचे बी.एड. झाल्यापासून समावेशक शाळेवर स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, म्हणजे नव्या शिक्षकांना हे कारण उरत नाही. सीबीएसईच्या बारावीच्या शारीरिक शिक्षणात तर विशेष गरजा असलेल्या मुलांच्या खेळावर अख्खा घटक आहे. कृती सर्वांना करता यावी म्हणून कोणते उपाय करावेत, असा प्रश्न त्यात येतो. मुले ते उपाय घोकतात, उत्तरपत्रिकेत लिहितात, गुण मिळवतात. त्यांच्याच शाळेत कडेच्या बाकावर कोण बसले आहे, हे त्या घटकात नसते.

हे सगळे सरकारवर आणि पी.टी.च्या सरांवर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्या घरातही बघू. अजूनही असे मूल झाले की पहिली फेरी आमिलाकडे होते. 'साया आहे', 'नज़र लागली', गळ्यात ताबीज, दंडाला धागा, आणि निदानाची दोन-तीन मोलाची वर्षे निघून जातात. मग 'अल्लाह की मर्ज़ी' म्हणून घरात बंद. प्रेम भरपूर, खाऊ भरपूर, हालचाल शून्य. यातल्या काही मुलांना जी औषधे दिली जातात त्यांनी भूक आणि वजन वाढते. म्हणजे ज्याला धावण्याची गरज वर्गात सर्वांत जास्त, त्यालाच आपण बसवून ठेवतो. अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम यांचा प्रसंग बयानात ऐकवला जातो, लोक हलून जातात. त्या अंध सहाबींना पैगंबरांनी अज़ानचे काम दिले, स्वतः बाहेर असताना मदिनेची जबाबदारी सोपवली. काम दिले, हे ऐकणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. एका बाजूला बसवून त्यांच्यावर कीव केली नव्हती.

आणि मुलींचे काय? ऑटिस्टिक मुली मुळातच उशिरा ओळखू येतात, कारण त्या दुसऱ्यांचे पाहून निभावून नेतात आणि गप्प मुलीला आपण शहाणी म्हणतो. आमच्या कित्येक उर्दू शाळांत सातवी-आठवीनंतर मुलींचा खेळाचा तास आपोआप शिवणकामाचा किंवा 'अभ्यास करा' असा होतो. गल्लीत खेळणे त्याआधीच थांबलेले असते. तेव्हा या मुलीला मैदान दोनदा नाकारले जाते, एकदा मुलगी म्हणून, एकदा अशी आहे म्हणून. यावर पर्द्याचे कारण मला कुणी सांगू नये. शाळेला भिंत आहे, शिकवायला शिक्षिका आहेत, मुली-मुलींचाच तास आहे. स्कार्फचे कापड तिला टोचत असेल, तर सुती, सैल, शिवण बाहेरच्या बाजूला असलेला शिवून घ्यावा, हे घरच्या आईला सांगितले की ती एका संध्याकाळी करून देते. अडते ते कापडाने नाही.

मागच्या हिवाळ्यात शाळेच्या क्रीडादिनाच्या तयारीची बैठक होती. मी एकच गोष्ट मागितली: पहिला तास लाउडस्पीकर बंद ठेवू, त्या तासात ज्यांना आवाज सोसत नाही त्यांच्या शर्यती आधी घेऊ, इतरांच्या बरोबरीने, त्याच रेषेवर, तोच पट्टा. मग दहा वाजता गाणी लावा, निवेदन करा, काय हवे ते करा. खर्च काही नव्हता, वेळही वाढत नव्हता. चर्चा दोन मिनिटे चालली. समितीतले एक वडीलधारे गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, "मिस, तुमचं बरोबर आहे, पण आवाज नसला की कार्यक्रम झाल्यासारखा वाटत नाही." मागणी इतिवृत्तात लिहून घ्यायला लावली आहे. या वर्षीची बैठक दिवाळीनंतर आहे.